बर्फात रोवलेले बांबू

मी कॉलेजात जाईपर्यंत आईबाबा बोर्डीला दुसऱ्याच्या चिकूवाडीत मजुरी करायचे. आता मी हिमालयात हिमनदी मोजते. बर्फात बांबू रोवायचा आणि वर्षाने तो किती उघडा पडला ते पाहायचं. तेवढा बर्फ वितळला.

तलासरीच्या बाजारातला बांबूवाला मामा हे ऐकून म्हणाला, "एवढं शिकलीस नि कुंपणच घातलंस." तो प्रत्येक बांबू बोटाने वाजवतो. आवाज पटला नाही तर गिऱ्हाईक परत पाठवतो, बांबू देत नाही.

पहिल्या वर्षी उघडे पडलेले बांबू वाऱ्याने मोडले आणि सगळं माप वाया गेलं.

"मामा, यंदा मोडले तर माझं संशोधन संपलं."

त्याने बांबूचे तुकडे केले, तारेने एकाखाली एक सैल बांधले, रेतीच्या ढिगात उभे पुरले आणि पायाने रेती ओढत बसला. रेती उतरली तसा वरचा तुकडा आपसूक आडवा झाला. खालचा ताठ उभा.

"बोल पोरी, आता वारा काय मोडल?"

मी तसेच तुकडे बांधून बर्फात पुरले. पुढच्या वर्षी सगळे बांबू जागेवर मिळाले. हिमनदीच्या वरच्या अंगाला बांबू किती बुडाले त्यावरून बर्फ किती साठला, खालच्या अंगाला किती तुकडे आडवे पडले त्यावरून किती गेला, ते मी मोजलं.