एकाच कंपनीची डबी

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट आता पक्की होऊन बसली आहे. माझ्या सुनेनं नोकरीपायी सासूला तिच्या मरणाला टेकलेल्या भावाजवळून उठवून परत आणलं, अशी ती गोष्ट. लग्नात, बारशाला चार बायका एकत्र बसल्या की कुणीतरी ती काढतंच. मी जवळच खुर्चीवर बसलेला असतो. मला ऐकू येतं. मी काही बोलत नाही.

खरं काय ते मला ठाऊक होतं आणि ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी वाटायचं, बायकोला सांगून टाकू, मग बाकीच्यांचं बघू. ती मागच्या वर्षी गेली. आता टाळायला कारणही उरलेलं नाही.

बायकोला मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागे. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं आणि माझा हात थरथरतो, त्यामुळं ते काम सुनेकडं होतं. मुलगा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. दिवसभर कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. मधेच उठून भाजी परतून यायची आणि परत कॅमेऱ्यासमोर बसायची.

बायकोचं माहेर सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगरांमधलं. तिथं तिचा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं आणि तोही म्हणाला, आता मशीनला लावू नका. निरोप आला त्या दिवशी बायको देवापुढं बसून राहिली. मग मला म्हणाली, "मला पंधराएक दिवस दादाजवळ राहू द्या. शेवटचा मऊ भात माझ्या हातचा खाऊ द्या त्याला."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी तिच्याबरोबर राहू शकत नव्हतो. सुई टोचता येत नाही हे एक. दुसरं म्हणजे आमच्याकडं जावई मुक्कामाला आला की घर त्याच्याभोवती फिरतं. त्याला वेगळं ताट, त्याला आधी पाणी, त्याच्यासाठी गोडधोड. आजारी माणसाच्या घरात पंधरा दिवस जावई बसवणं म्हणजे त्या घरावर दुसरा आजार घालणं. मग सूनच म्हणाली, "आई, मी येते. रजा नाही मिळायची, पण काम तिथूनही करता येईल. नेट मिळालं की झालं. आपण एक वायफायची डबी घेऊ, सिम टाकायची. मी ऑनलाइन मागवते."

"ऑनलाइन कशाला?" मी म्हणालो. "मी आणतो. माझं आयुष्य यातच गेलंय."

ते तसं खोटं नव्हतं. निवृत्तीआधीची बरीच वर्षं मी मोबाइल कंपनीचे टॉवर उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. बायकोच्या माहेरच्या गावावरच्या टेकडीवरचा टॉवर माझ्या देखरेखीखाली उभा राहिला. रस्ता नव्हता. लोखंड ट्रॅक्टरनं अर्ध्यापर्यंत आणि पुढं माणसांच्या खांद्यावर गेलं. जागेच्या मालकाला मेहुण्यानंच राजी केलं होतं. काम चालू होतं तोवर माझ्या माणसांना पिठलं-भाकरी त्याच्या घरून यायची. टॉवर चालू झाला तेव्हा अख्ख्या गावानं त्या कंपनीचं सिम घेतलं. मला सगळे टावरवाले दाजी म्हणू लागले. मेहुणा तेवढा चिडवायचा, "दाजी, तुमच्या खांबानं माझी म्हैस आटली." सासुरवाडीत मान मिळायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, मोठी नोकरी नव्हती. तो टॉवर होता.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर दोन डब्या मांडल्या. दोन्ही काळ्या, तळहाताएवढ्या, साबणाच्या वडीसारख्या.

"चाचा, ये वाला ओपन है. इसमें कुठलंबी सिम डालो," तो म्हणाला. "और ये कंपनी का. बॅटरी मोठी, वॉरंटी पक्की, पण सिम त्याच कंपनीचं. जाना किधर है?"

मी गाव सांगितलं.

"उधर किसकी रेंज है?"

मी सुनेला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. हळू आवाजात म्हणाली, "कुठलंही सिम चालेल असं घ्या बाबा. लॉकवालं नको." मला स्वच्छ ऐकू आलं. मी "बरं" म्हणालो.

फोन ठेवल्यावर दुकानदारानं परत विचारलं. कंपनीच्या डबीवर तेच चिन्ह होतं, जे मी कित्येक वर्षं टोपीवर लावून उन्हात फिरलो होतो. मी म्हणालो, "त्या गावचा टॉवर या हातांनी उभा केलाय. हीच द्या."

"फिर तो आप मालिक हो," असं म्हणून त्यानं ती पिशवीत घातली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्या दिवाळीत मेहुण्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला होता, "दाजी, तुमचं सिम काढून टाकलं बरं का आम्ही. बोलणं होतं, पण नेट काही चालत नाय. सगळ्या गावानं दुसरं घेतलं." मला राग आला होता. मी विषय बदलला. पुढं मी स्वतःला सांगत आलो की दुकानात हे मला आठवलंच नाही. मला आठवलं होतं. डबी हातात असतानाच आठवलं. मला वाटलं, मेहुणा चेष्टा करत असेल, त्याची सवयच ती. निदान तसं वाटून घेतलं.

घरी सुनेनं डबी गच्चीवर नेऊन पाहिली. शहरात ती उत्तम चालली. मग तिनं खोका उलटा करून वाचला.

"बाबा, हे एकाच कंपनीचं आहे."

"तिथं त्याच कंपनीचा टॉवर आहे."

"नेट चालतं ना पण नक्की?"

"अगं, मी उभा केलाय तो."

तिनं डबी बॅगेत ठेवली. सासऱ्याला किती वेळा विचारायचं याची एक हद्द असते आणि माझी सून ती हद्द पाळणारी आहे.

भाड्याच्या जीपनं निघालो. मी त्यांना पोचवून एक-दोन दिवसांनी एसटीनं परतणार होतो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, डबीवरचा दिवा हिरवा होता. सून मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती आणि मी पुढच्या सीटवरून मागं वळून वळून तो दिवा बघत होतो. फर्दापूरचा घाट उतरलो, सोयगावकडं वळलो, आणि गाव दिसायच्या आधी दिवा लाल झाला.

मेहुणा ओसरीत खाटेवर होता. पाय सुजलेले, चेहरा पिवळा. मला बघून हसला. "या टावरवाले दाजी." बायको त्याच्या उशाशी बसली ती चुलीपाशी जाण्यापुरतीच उठली. तिनं स्वतः चुलीवर भात शिजवला, दूध घालून मोडला आणि चमच्यानं भरवला. तो चार घास खायचा आणि म्हणायचा, "लई झालं गं." ती म्हणायची, "एक माझ्या नावाचा." लहानपणी तो तिला असाच भरवायचा म्हणे.

मी तेव्हा माळवदावर होतो. डबी कठड्यावर ठेवून पाहिली, बांबूला बांधून वर धरून पाहिली. खालून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, संक्रांत झाली की. पतंग कसला उडवताय?" घरातले हसले. मीही हसलो. सून मधल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती आणि पडद्यावर नेट शोधणारं चक्र नुसतं फिरत होतं.

मेहुण्याचा मुलगा म्हणाला, "आतोबा, आमचं सिम टाका ना यात. आमचं धावतंय इथं." टाकलं. डबीनं ते घेतलं नाही. मग त्यानं आपला मोबाइल सुनेला दिला. त्यावर तिचं काम दुपारपर्यंत निभलं, मग दिवसाचा डेटा संपला. शिवाय तो दूध गोळा करायचा, त्याला फोन लागायचाच. घरात तेवढाच एक मोठा फोन होता.

संध्याकाळी सून माझ्याजवळ आली. "बाबा, उद्या तुम्ही सिल्लोडला जाऊन दुसरी डबी आणाल? ओपनवाली. इकडचं सिम घालू. मला कामावरून उठता येत नाही, नाहीतर मीच गेले असते. एका दिवसाचं काम आहे. उद्याचं मी कसंतरी सांभाळते."

एसटी सकाळी गावातूनच जाते. मला फक्त तिच्यात बसायचं होतं.

मी म्हणालो, "थांब. मी कंपनीतल्या ओळखीच्या साहेबाला फोन लावलाय. उद्या चालू करतो म्हणालेत."

मी कुणालाही फोन लावलेला नव्हता. माझ्या ओळखीचं आता त्या कंपनीत कुणी नाही. पण दुसरी डबी घेऊन मी गावात उतरलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की टावरवाल्या दाजीला स्वतःच्या टॉवरचं काही कळत नाही. आज हे लिहिताना किती क्षुल्लक वाटतं. तेव्हा मात्र माझे पाय त्या एसटीकडं वळलेच नाहीत.

सकाळी मी टेकडी चढलो. काय करणार होतो देव जाणे. कुंपणाचं फाटक गंजलं होतं, आत गवत माजलं होतं. टॉवर उभा होता, त्यावर आता दुसऱ्या कंपन्यांच्याही तबकड्या लटकत होत्या. खाली गावातलं घर दिसत होतं, ओसरीतली खाटही. मी कुंपणाची जाळी धरून उभा राहिलो. खिशातली डबी काढली. टॉवरच्या इतक्या जवळ असूनही दिवा लालच. माझ्याकडं ना किल्ली होती, ना कुणाचा नंबर. पाय भरून आले होते, म्हणून बसलो, आणि एसटी खालच्या रस्त्यानं सिल्लोडकडं जाताना पाहिली.

खाली आलो तेव्हा सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली होती. तिच्या साहेबानं सांगितलं होतं, उद्या कामावर दिसली नाहीस तर तुझं काम दुसऱ्याला देतो. तिच्या पगारातून आमच्या घराचे हप्ते जात होते, त्यामुळं तिला थांब म्हणणं सोपं नव्हतं, आणि एकटीच जा म्हणावं तर बायकोला सुई टोचायला मागं कुणी नव्हतं. दुसऱ्या डबीला आता उशीर झाला होता.

बायकोनं बाहेरून विचारलं, "काय झालं हो? पोरीचा चेहरा असा का?"

मी म्हणालो, "तिच्या नोकरीचं आहे. निघावं लागेल आपल्याला."

बस्स, एवढंच. डबीचं नाव नाही, एसटीचं नाही. सून इन्सुलिनची सुई भरून दारात आली होती. तिनं ते ऐकलं, माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "हो आई. सॉरी."

बायकोनं दंड पुढं केला आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

निघताना मेहुणा म्हणाला, "जा गं. नोकरीवाल्यांना अडवू नाय. जमंल तसं ये परत." परत जायचं ठरत होतं, मुलाच्या सुट्टीचा मेळ बसत होता. तेवढ्यात फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला अंगणात घेतलं होतं.

दहाव्याला त्याची बायको म्हणाली, "दोन-चार दिवस राहू दिलं असतं सुनंनं, तर बहिणीच्या हातचा शेवटचा घास घेऊन गेला असता." सून तिथंच ताटं उचलत होती. ती थांबली नाही, उचलत राहिली. डबीवर काय लिहिलं होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं एक शब्द काढला नाही, तिथंही नाही आणि घरी नवऱ्याजवळही नाही. काढला असता तर मुलगा मला बोलला असता.

माझी बायको त्यानंतर सुनेशी कामापुरतंच बोलली. भांडण नाही, आदळआपट नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दंड पुढं करायची आणि तोंड भिंतीकडं वळवायची. सून सुई टोचायची, कापूस दाबून धरायची, विचारायची, "दुखलं का आई?" उत्तर यायचं नाही. मी शेजारच्या पलंगावर पेपर घेऊन बसलेलो असायचो. बायको जाईपर्यंत हे असंच चाललं. आजारात शेवटी शेवटी तिनं एकदा सुनेचा हात धरून ठेवला होता, पण तेव्हा तिला माणसं ओळखू येत नव्हती.

त्यानंतर मी प्रयत्न केले. एकदा सून गच्चीवर कपडे काढत होती. मी वर गेलो आणि म्हणालो, "तेव्हा मामांच्या गावाला..." तिनं घाईनं कपडे गोळा केले. "जाऊ द्या बाबा. ऊन लागेल तुम्हाला, खाली चला." तिला ऐकायचं नव्हतं, की मला माफी मागताना बघायचं नव्हतं, ते मला समजलं नाही. मी तिच्यामागून जिना उतरलो.

आता मुलाची बदली झाली आहे. ती दोघं पुण्यात असतात. रविवारी सुनेचा फोन येतो, पडद्यावर तिचा चेहरा दिसतो. ती औषधांचं विचारते, डबेवाल्या बाईंचं विचारते. मग म्हणते, "बोला बाबा." मी विचारतो, तिकडं थंडी आहे का. ती सांगते, आहे थोडी.

मला म्हणायचं असतं ते दुसरंच. पोरी, तुझ्या सासूला तिच्या भावाजवळून मी उठवलं, तू नाही. ती तुझ्याकडं पाठ करून गेली ती माझ्या गप्प राहण्यामुळं. मला माफ कर.