मांडवावरचा दूधराज

आमच्या गल्लीतला फोटोवाला सरड्यालाही अहो-जाहो करायचा. "थांबा जी, मान थोडी इकडं," असं कुंपणावरच्या सरड्याला म्हणायचा आणि स्टुडिओत बसलेल्या तहसीलदारालाही तेच. म्हणून सगळ्या बालाघाटात त्याचं नाव थांबाजी पडलं. खरं नाव पाटीवर होतं, ते कोणी वाचत नसे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच्या समोरच. त्यामुळे हे मी पाहिलेलं सांगतो, ऐकीव नाही.

लोक वाघासाठी कान्ह्याला जायचे. थांबाजी आपल्या नाल्यापलीकडे जात नसे. मी एकदा विचारलं, "काहून जी, वाघाचा फोटू काहून नाही काढत?"

"वाघाले लय फोटूवाले हायत. मुंगसाले कोन हाय?"

लग्नाच्या रिळात शेवटी दोन-चार फोटोंची जागा उरली की ती तो घराजवळच्या जनावरांवर खर्च करायचा, आणि धुऊन आलेले सगळे फोटो अल्बमात लावून द्यायचा. किरनापूरच्या एका अल्बमात विदाईनंतर घोरपड आहे. नवरीच्या सासूने विचारलं, "हे कोनाकडचे पाहुणे?" थांबाजी म्हणाला, "माह्याकडचे."

माझ्या सुमनचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला बजावलं, "बाकी काढा, नका काढू. कन्यादानाचा फोटू मले पाहिजे." माझ्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही. पोरीचा हात आपल्या हातात असतो तो तेवढाच, तो तरी भिंतीवर असावा. थांबाजी म्हणाला, "हौ."

कन्यादानाला मी सुमनचा हात धरला, तिच्या आईने पाणी सोडायला तांब्या उचलला, आणि थांबाजी ओरडला, "थांबा जी!" आम्ही थांबलो. नवरदेव थांबला. भटजी मंत्र सोडून छाती काढून बसले. तांब्या वरच राहिला. कॅमेरा वाजला. मग कळलं, कॅमेऱ्याचं तोंड आमच्या डोक्यावर. मांडवाच्या बांबूवर दूधराज येऊन बसला होता, पांढराशुभ्र, शेपटी फितीसारखी लोंबती. रीळ तिथंच संपलं. दुसरं भरेपर्यंत कन्यादान उरकलं होतं.

तो फोटो घेऊन आला. मी पाखरू पाहिलं आणि फोटो परत केला. "तुमच्याकडचे पाहुणे, तुमच्याकडंच ठेवा."

पुढे कैक वर्षं आम्ही समोरासमोर दुकानं उघडली, बोललो नाही. त्याची सायकल पंक्चर झाली की तो माझ्यासमोरून ती ढकलत पुढच्या चौकात न्यायचा. मी बरोबर होतो. आजही आहे.

मग डिजिटल कॅमेरे आले, स्टुडिओ बसला, मुलगा त्याला रायपूरला न्यायला आला. जायच्या दिवशी थांबाजी माझ्या दुकानात चढला. हातात काचेची चौकट. तोच फोटो, मोठा केलेला.

"आता तरी पाखराच्या खाली पाहा जी," म्हणाला आणि गेला.

खाली आम्ही होतो, धूसर. नवरदेव, सुमन, भटजी, तांब्या धरलेली तिची आई, सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते. एकटा मी पोरीकडे.

थांबाजी रायपूरलाच वारला. फोटो माझ्या भिंतीवर आहे. पाखरू चांगलं आलं आहे म्हणून लावला.

सुमन माहेरी आली तेव्हा त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही माह्याकडं पाहून राह्यले होते?"

"नाही," मी म्हटलं. "फोटू हलला हाय."