मोटारीचा फोन आणि माझी मुलाखत

आमच्या घरात मला सगळ्यात जास्त फोन विहिरीवरची मोटार करते.

हे मी बारामतीला कॉलेजात सांगितलं तेव्हा मैत्रिणी हसल्या, पण ते खरं आहे. शेळगावच्या आमच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड बसवलंय. आपण फोन लावला की ती एक रिंग घेते, फोन कट करते आणि सुरू होते. पुन्हा लावला की बंद. रानात लाईट आली की तीच आपल्याला फोन करून सांगते. (ह्यांना घरी यायला उशीर होणार असेल, तर हे इतकं कधी सांगत नाहीत!)

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. माहेर-सासर दोन्हीकडं दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं मला सगळं येतं, असा सगळ्यांचा समज आहे. तो कसा दूर करावा, तेवढंच मला येत नाही. बारामतीत एका कर सल्लागार मॅडमच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या नोकरीची जागा निघाली, तेव्हा मी घाबरत घाबरत सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, विचारलं.

“कर की! मी कुठं न्हाय म्हणती?” आत्या म्हणाल्या. “पर घर हाललं न्हाय पायजे. उद्या मी मोरगावला थोरल्या लेकीकडं चाललीय. दिवसभर सैपाक, रान, म्हशी, समदं तुझ्याकडं. हितं एक दिस जमलं, तर म्होरं बघू.”

आणि मॅडमनी फोनवरची मुलाखत नेमकी त्याच दिवशी ठेवली! मी दोघींनाही “जमेल” म्हणून टाकलं. आजची स्त्री सगळं एकाच वेळी करते, हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. कसं करते, हे मात्र कुठंच दिलेलं नव्हतं.

सकाळी हे कारखान्यात पहिल्या पाळीला गेले. सासरे, म्हणजे मामा, डोळ्याच्या ऑपरेशनमुळं काळा चष्मा लावून पडवीत बसले होते. इतक्यात चुलत सासरे तात्या आले. इंदापूरला तहसील कचेरीत काम होतं, म्हणून पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा पोशाख!

“पोरी, मी जाता जाता तुमच्या कांद्यात पाइप लावून देतो. लाईट आली की मोटार चालू कर.”

“हो तात्या.”

कुकर चढवला, दूध तापत ठेवलं, भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मॅडमचा फोन आला. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकला आणि अंबाड्यातली काडी काढून केस सारखे केले. (मॅडमना मी दिसत नव्हते, हे नंतर लक्षात आलं.)

“एकाच वेळी अनेक कामं आली तर तुम्ही काय कराल?” मॅडमनी विचारलं.

“मी शांतपणे...” कुकरची शिट्टी. “शांतपणे...” दुसरी शिट्टी. “मनीषा!” पडवीतून मामा ओरडले, “चष्मा कुठं ठेवलाय गं माजा?”

“डोळ्यावर, मामा!”

“काय?” मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात मध्येच दुसरा फोन वाजायला लागला. मोटारीचा! तो बंद करायला मी पिठाच्या बोटानं स्क्रीनवर काहीतरी दाबलं आणि दोन्ही फोन एकमेकांना जोडले गेले.

“नमस्कार,” एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, “थ्री फेज वीज आली आहे. मोटार बंद आहे.”

इतका आत्मविश्वास माझ्या आवाजात त्या दिवशी एकदाही आला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, “या दुसऱ्या उमेदवार आहेत का?”

“नाही मॅडम, ही आमची मोटार आहे!”

“थ्री फेज वीज आली आहे,” मोटारीनं पुन्हा सांगितलं. इकडं दूध उतू गेलं. मी गॅस बंद करायला धावले, परत येऊन मोटारीचा फोन तोडायला गेले आणि सगळंच तोडून बसले.

नोकरी गेली, असंच वाटलं. निदान माफी तरी मागावी म्हणून मी नीट न बघता यादीतला सगळ्यात वरचा नंबर दाबला. एक रिंग झाली आणि फोन कट. मॅडम रागावल्या! मी पुन्हा लावला. पुन्हा कट. आता माझी चिकाटी दिसू दे, म्हणून मी लावतच राहिले आणि त्या कापतच राहिल्या. मी तर रिंग व्हायच्या आतच बोलायला लागले, “मॅडम, मला एक संधी द्या, तुम्ही म्हणाल तसं मी वागेन!”

आणि शब्दाला जागून वागत होती ती मोटार.

कारण यादीत सगळ्यात वर तिचाच नंबर होता. माझ्या प्रत्येक विनंतीला ती एकदा सुरू होत होती, एकदा बंद. हे मला दारात तात्या उभे राहिले तेव्हा कळलं. तात्या म्हणजे टोपीपासून चपलेपर्यंत नुसता चिखल!

“मनीषा, काय गं हे? पाइप सरळ कराय वाकलो की तोंडावर पाणी! पाणी गेलं म्हणून पुन्हा वाकलो की पुन्हा पाणी! मी तुजं काय वाकडं केलंय गं?”

“तात्या, मी मॅडमची माफी मागत होते...”

“आन् माजी कोण मागायची?”

“कोण हाय रं?” मामांनी काळ्या चष्म्यातून पाहिलं. “रंग खेळून आलास व्हय?”

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी खरंच मॅडम! मी रडवेली होऊन नुसती बघत राहिले, तर तात्यांनीच फोन उचलला. “म्याडम, मी तात्या बोलतोय. ह्या पोरीला काय इचारायचं त्ये इचारा, पर तिला परत फोन लावाय सांगू नका. माझ्याकडं दुसरा सदरा न्हाय!” आणि त्यांनी मॅडमना इत्थंभूत हकीकत सांगितली.

मॅडम हसत होत्या की खोकत होत्या, कळेना. शेवटी म्हणाल्या, “सोमवारपासून या. हिशेबाच्या टेबलावर बसा. ऑफिसातला फोन मात्र तुम्ही उचलायचा नाही.”

संध्याकाळी आत्या एसटीनं आल्या. करपलेल्या दुधाचा वास, दोरीवर तात्यांचं धोतर, न थापलेल्या भाकरीचं वाळलेलं पीठ आणि अर्ध्या कांद्यात तळं! त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. मी मान खाली घालून उभी. घर तर मुळापासून हाललं होतं. आता कसली नोकरी?

“लागली का नोकरी?” आत्यांनी विचारलं.

“लागली. पण तुम्ही नको म्हणाल तर...”

“नको? अगं, उद्यापास्नंच जा! अर्ध्या दिसाची कशाला, पुऱ्या दिसाची मिळती का बघ!”

आता कॉलेजात मैत्रिणी म्हणतात, तुझी सासू किती पुढारलेल्या विचारांची, स्वतःहून नोकरीला पाठवते! मी मान डोलावते. त्या का पाठवतात, हे अजून कोणी विचारलेलं नाही.