मोहर पाहा, मंग बोला

कुठेही लाकूड दिसलं की तो माणूस मधलं बोट वाकवून टक् टक् वाजवायचा आणि कान लावायचा. दार असो, पलंग असो, शाळेचा बाक असो. लग्नाची बोलणी चालली आहेत, पाहुणे पोहे खात आहेत आणि हा बसल्या जागी खुर्चीचा हात वाजवून पाहतोय. मग मान हलवून म्हणायचा, "पोकळ हाय." खुर्चीबद्दल म्हणाला की पाहुण्यांबद्दल, हे कोणाला कळायचं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या गल्लीतला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. नाव लिहीत नाही. माझी आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून ते माझे मामा.

तेव्हा आमची एकच खोली होती. बाबा कापसाच्या मार्केट यार्डात हमाल. आई बोथच्या बाजारात भाजी विकायची. कापसाचा हंगाम संपला की बाबांच्या पाठीला सुट्टी आणि आमच्या पोटालाही. पावसाळ्यात खोली तीन ठिकाणी गळायची. कोरडा कोपरा एकच, मामांच्या भिंतीला लागून. तिथेच पाठ टेकून मी दहावी केली, बारावी केली आणि रोज बसनं आदिलाबादला जाऊन बी.एस्सी. करत होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं गेटसुद्धा आतून पाहिलेलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखंच आहे.

आणि त्याच भिंतीपलीकडे मामा आवाज बनवायचे.

बनवायचे, हाच शब्द बरोबर. आमच्याकडे तालुक्याला मंडल म्हणतात; नोकरीनं ते मंडल ऑफिसात अटेंडर होते, म्हणजे चपराशी. त्यांचे वडीलही तिथेच चपराशी, तेव्हा त्याला कचेरी म्हणायचे. ऑफिस सुटलं की मामा घरी येऊन प्लायवूड कापत बसायचे. भंगारातून मोठमोठी लोहचुंबकं आणायची, नागपूरहून बसच्या टपावर ट्रान्सफॉर्मर आणायचा, अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडायचा. त्याला ते मशीन म्हणत. आमच्या घरी कपाट नव्हतं, पण मामांच्या दोन स्पीकरच्या पेट्या कपाटाएवढ्या होत्या. जुन्या व्हॅनची मागची सीट काढून तिथेही त्यांनी एक पेटी बसवली होती. व्हॅन गल्लीत शिरली की आमच्या मडक्यातलं पाणी आधी हलायचं, मग हॉर्न ऐकू यायचा.

भाड्यानं मात्र कधी दिलं नाही. "हा धंदा नाई, नाद हाय," म्हणायचे.

पेटीच्या आत काहीतरी मऊ भरावं लागतं, नाही तर आवाज आतल्या आत घुमतो. कापसाच्या मुलखातला माणूस, मामांनी शेतातून आणलेला कापूस तसाच ठासून भरला. सरकीसकट! महिनाभरानं पेटी आपोआप वाजू लागली. मशीन बंद, वायर काढलेली, तरी आत कुर्र कुर्र. मामांनी आठ दिवस मशीन खोलून पाहिली. शेवटी आई म्हणाली, "भाऊ, फाल्ट नाई तो, उंदीर हाय." पेटी उघडली तर सरकी खाऊन गुबगुबीत झालेला उंदीर आणि कुरतडलेला स्पीकरचा कागद. तेव्हापासून मामा जिनिंगमधून सरकी काढलेली रुईच आणायचे आणि आईला दिसली की विचारायचे, "बाई, कुर्र तं नाई ना येत?"

गाणी ते फारशी लावायचेच नाहीत. मंचेरियलच्या स्टेशनवर उभं राहून त्यांनी कोळशाच्या मालगाडीचा आवाज टेप करून आणला होता. आमच्या गावाला रेल्वे नाही. पहिल्यांदा तो लावला तेव्हा आई भाजीची टोपली टाकून अंगणात आली, "भाऊ, घरात गाडी घेऊन राह्यले काय?" मामा दारात उभे, तोंडभर हसू. "डबे मोजा बाई. शेवटचा डबा गेल्याबिगर बोलू नका."

आता मोहरेचं सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे.

मशीनला मागच्या बाजूला एक चावी, म्हणजे फिरवायची खुंटी, असते. मशीननं किती जोर लावायचा, ते ती ठरवते. एका हद्दीपलीकडे फिरवली तर आवाज वाढल्यासारखा वाटतो, पण वाढत नाही, फाटतो. फाटका आवाज स्पीकरची कॉइल जाळतो. ती हद्द मामा कशी शोधायचे? पेटीवर ताट, ताटात मूठभर ज्वारी. चावी हळूहळू फिरवायची. दाणे सारखे नाचतात तोवर ठीक. वेडेवाकडे उडू लागले, आवाजाला खरखर लागली, की थोडं मागे यायचं आणि खिळ्यानं खूण करायची. मग ऑफिसातले कागदांचे गठ्ठे जिल्ह्याला पाठवताना जशी लाख वितळवून लावतात, तशी चावीवर लाख ओतायची आणि वडिलांच्या चपराशी-कोटाचं पितळी बटण तिच्यावर दाबायचं. बटणावर चार ठिपके, भोवती दोरीची नक्षी. ती मामांची मोहर.

"माह्या मोहरेखालची वस्तू जळत नाई," म्हणायचे. कोणी काही बिघडलं म्हणून आलं, तर आधी एकच वाक्य. "मोहर पाहा, मंग बोला."

मला त्यांचा मनस्वी राग यायचा. शेवटच्या वर्षाला तर असा आला की मी त्यांच्या दारात जाऊन ओरडले. "मामा, माह्या पाठीत तुमची मालगाडी चालून राह्यली! परीक्षा हाय माही. तुमाले काय, तुमी नोकरीवाले. मी नापास झाली तं कोन पुसन?"

मामा आत गेले, मशीन उचलून आणली, माझ्यासमोर उंबऱ्यावर ठेवली. आवाजाची चावी शून्यावर केली. लाख वितळवली, ओतली, बटण दाबलं.

"मोहर पाहा, मंग बोल. तुही परीक्षा होईस्तोवर बंद. फोडाची तुनंच."

चार महिने भिंत मुकी होती. फक्त कधी कधी टक् टक् यायची, मामा रिकामी पेटी वाजवून पाहत असतील. निकाल लागला तेव्हा मी चमच्याच्या टोकानं ती लाख फोडली आणि सगळ्या गल्लीतून मालगाडी गेली. बाबा यार्डातून आलेले, अंगावर कापूस. ते डबे मोजत उभे राहिले.

मोहर म्हणजे मामांसाठी काय होती, हे मला त्या चार महिन्यांनी शिकवलं. म्हणूनच पुढचं लिहिताना अजून राग येतो.

गावाजवळ खडी फोडायचा क्रशर आहे. त्याच्या मालकांचीच इंग्रजी शाळाही आहे आणि डिग्री घेऊन मी तिथेच शिकवायला लागले. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला वरातीसाठी जीपमध्ये "पूरा जिल्हा हिलला पाहिजे" असा आवाज हवा होता. मामा नाही म्हणाले. मग त्यानं हैदराबादहून आणलेले स्पीकर दाखवले. मामांनी ते हातात घेतले, बोटानं कडेला टक् टक् केलं, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं की गेले. असा माल त्यांच्या हाताला आयुष्यात लागला नव्हता.

पंधरा दिवस खपून पेटी आणि मशीन केली. ज्वारी नाचवली, खूण केली, मोहर लावली. मुलाला समोर बसवून सांगितलं, "बाबू, या खुनेच्या पुढं नाई. एवढ्यातच जिल्हा हालते."

वरात दुपारी चौकात आली आणि जीपमधून धूर निघाला. पेटीनं आतून पेट घेतला, मागची सीट जळाली. नाचणारे पळाले. कोणीतरी मामांना घरून बोलावून आणलं आणि सगळ्या चौकासमोर नवरदेवाच्या काकानं त्यांची कॉलर धरली.

"बुढ्ढ्या, भंगार लावलं तू! माणसं जळाली असती!"

"मोहर पाहा, मंग बोला," मामा म्हणाले. आवाज शांत होता.

लोक हसले. "मोहर म्हणे! कलेक्टर हाय काय तू?"

"मशीन उलटी करा. चावी पाहा. मी एवढंच म्हनून राह्यलो."

मशीन कोणी उलटी केली नाही. नवरदेव घोड्यावर होता, तो दुसरीकडे पाहत राहिला. काका म्हणाला, "तुझा कचरा उचल अन् डोक्यावर घेऊन जा." आणि त्या साठीच्या माणसाला ती अर्धी जळालेली, गरम पेटी उचलायला लावली.

मी तिथेच होते. शाळेच्या बाकीच्या टीचरांबरोबर, नवी साडी नेसून, वरातीत. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. नोकरीला पाच महिने झाले होते. गर्दीतून आई पुढे आली. भाजीची टोपली रस्त्यावर ठेवली आणि पेटीची दुसरी बाजू धरली. दोघं पेटी घेऊन माझ्यासमोरून गेले. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईनं पाहिलं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुह्याजवळ तं बोलाले इंग्लिशबी व्हतं."

मामा त्यानंतर तीन वेळा क्रशरच्या ऑफिसात गेले. पैसे नकोत, माफी नको, मशीन फक्त दाखवा. तिथे सांगितलं, फेकून दिली. गावात पोरं त्यांना पाहून "मोहर पाहा, मोहर पाहा" करायची. मामांनी करवत उचलली नाही. लाकूडही वाजवणं सोडलं. माझ्या भिंतीत शांतता आली, आणि ज्या शांततेसाठी मी भांडले होते ती मला सहन होईना. पुढे ते बेल्लमपल्लीला मुलीकडे राहायला गेले. जावई कोळशाच्या खाणीत होता. बटण घेऊन गेले, पेट्या ठेवून गेले.

त्या वरातीनंतर दोन वर्षांनी, पंधरा ऑगस्टच्या सकाळी, मालकांचा ड्रायव्हर शाळेत एक मशीन घेऊन आला. "मॅडम, माईक याच्यावर लावा. गोदामात पडून होती, शाळेला देऊन टाकली."

मी ती वायर लावायला उलटी केली.

लाख होती. अर्धी. दोन ठिपके आणि थोडी दोरी. बाकीची स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढलेली, पत्र्यावर ओरखडे. खिळ्याची खूण एकीकडे आणि चावी पार टोकाला.

मशीन जळलीच नव्हती. फेकलीही नव्हती. तिच्याकडे दोन वर्षांत कोणी पाहिलंच नव्हतं, कारण पाहिलं असतं तर मामांना बोल लावता आला नसता.

झेंडा लागला. राष्ट्रगीत झालं. पालक, गावकरी सगळे मैदानात. पाहुण्यांच्या खुर्चीत मालकांचा मुलगा, तोच. मी मशीन वायरींसकट उचलली आणि त्याच्या पुढच्या टेबलावर, हारांच्या शेजारी, उलटी ठेवली. माईक हातातच होता.

"सर, ही तुमच्या लग्नातल्या जीपची मशीन ना?"

"हो. काऊन?"

"मग मोहर पाहा, मंग बोला."

माझा आवाज फाटला. पण माईकमधून सगळीकडे गेला. जुनी माणसं उठून उभी राहिली. हेडमास्तर "मॅडम, मॅडम" करत आले. मी हलले नाही.

तो हसायला लागला. "टीचर, हे काय लावलं?"

मागून आई ओरडली, "मले वाचता येत नाई, तरी दिसते! लाख खरवडेल हाय ते!"

बाबा आणि यार्डातले चार हमाल टेबलाजवळ येऊन वाकून पाहू लागले. एकानं बोटानं खूण दाखवली, एकानं चावी. तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

"अरे, माझं लग्न होतं! थोडी चावी फिरवली तर काय झालं? फोडली मीच. काय करणार तू?"

काही नाही. मला तेवढंच हवं होतं. माईक चालूच होता.

आठवड्यात माझी नोकरी गेली. जाऊ दे. आज मी दुसऱ्या मंडलात शिकवते.

पंधरा ऑगस्टच्याच दुपारी मी बेल्लमपल्लीला फोन केला होता. सगळं सांगितलं. मामांनी विचारलं, "चावी कुठवर व्हती?"

"पार टोकाले, मामा."

"मंग जळनच ना," ते म्हणाले. मग, "छाप नीट उठला व्हता काय?"

"दोन ठिपके अजून दिसतात."

"लाख चांगली व्हती," म्हणाले. आणि फोनमधून आवाज आला, टक् टक्. टेबल असेल, दाराची चौकट असेल.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. पेट्या माझ्याकडे आहेत. मशीनही मी शाळेतून मागून आणली, कोणी नाही म्हणालं नाही. तिच्यावरची अर्धी लाख मी पुसू देत नाही.

पेटी मामांच्या हातानं जळली नव्हती. हे आमच्या गावात आता सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यानं जाळली, त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे.