शुक्रवारचं पाणी

माझे साहेब जर्मन होते. दुबईतल्या एका परदेशी बँकेच्या शाखेचे ते प्रमुख आणि मी त्यांची सेक्रेटरी. सोळाव्या वर्षी साहेब त्यांच्या गावच्या बँकेत टपाल फोडायला लागले, मग हँबुर्ग, कैरो आणि शेवटी दुबई. निरोपसमारंभासाठी ही माहिती मीच टाइप केली, ती अर्ध्या पानात मावली. बायको इथे वारली, हे मात्र त्यात घालू नका म्हणाले.

साहेबांच्या बाई इथल्याच ख्रिश्चन दफनभूमीत होत्या. दर शुक्रवारी सकाळी साहेब गाडीत पाण्याचे कॅन टाकून तिकडे जायचे. त्यांच्याकडे थडगं म्हणजे लहानशी बागच असते. ती घरच्यांनी राखायची, नाहीतर लोक नावं ठेवतात. त्यांनी तिकडून आणलेली रोपं इथल्या वाळूत लावून पाहिली, पण मे महिन्यात सगळी करपायची. शेवटी अल कुसैसच्या आमच्या गॅलरीतली सदाफुली मी त्यांना दिली. ती जगली.

साठी जवळ आली तशी त्यांनी मुख्य कचेरीकडे मुदतवाढ मागितली. ग्राहकांशी जुने संबंध, नवी माणसं तयार करणं, अशी कारणं पत्रात होती. खरं कारण एकच होतं. नोकरी संपली की व्हिसा संपणार, मग बाईंकडे कोण जाणार? नकार अगदी सभ्य भाषेत आला. व्हिसाची कामं करणारा आमचा माणूस हळहळला, "क्या करें मॅडम, साठ हुआ तो खलास."

मी म्हटलं, "सर, बाईंना तिकडे नेता येईल. कागदपत्रं मी बघते."

"तिकडे जागा ठरावीक वर्षांपुरती मिळते, मॅडम. मुदत संपली की दगड काढून टाकतात. आम्हाला मूल नाही. तिथे तरी मुदतवाढ कोण मागणार?"

मी आवराआवरीची यादी काढली होती. गाडी विकणं, फोन बंद करणं, घराच्या किल्ल्या. एकेक काम खोडत आम्ही शेवटाला आलो, तेव्हा ते म्हणाले, "आणि पाणी?"

"मी घालीन, सर."

आमच्यात अस्थी पाण्यात सोडल्या की मागे राखायला काही उरत नाही. मी काय कबूल केलं, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.

घरी नवरा म्हणाला, "साहेबाला पेन्शन आणि तुला माळीकाम." पण गाडी तोच चालवायचा. परत आल्यावर मी कशालाही न शिवता सरळ न्हाणीघरात जायची. मुलगी वैतागायची, "आई, इट्स जस्ट अ गार्डन." असेल. मी आंघोळ करायचीच.

शनिवारी जर्मनीहून साहेबांचा फोन यायचा. "फुलं आहेत?"

"आहेत, सर."

उन्हाळ्यात रोप जळलं तर मी दुसरं लावायची. पहिलंच आहे का, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी एका ऑगस्टमध्ये त्यांच्या शेजारणीचा फोन आला. साहेब गेले. दहन झालं आणि राख एका कुरणात पुरली, नाव नाही, दगड नाही. तसं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. कुणाला पाणी घालायला लागू नये म्हणून, असं ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि टॉवेल घेतला. नवरा पेपर वाचत होता. "आज कुठे शुक्रवार आहे?"

"साहेब गेले."

त्याने पेपर घडी करून ठेवला. बातमी ऐकून आंघोळ नात्यातल्यांसाठी करतात, हे त्यालाही माहीत होतं. मग म्हणाला, "आता फुलं आहेत का म्हणून कोण विचारणार तुला?"

"कोणी नाही."

"मग शुक्रवारचं?"

"जायचं."

ऑगस्टमध्ये इथे नळाचं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. बादली भरली आणि पाणी निवेपर्यंत मी न्हाणीघरातच स्टुलावर बसून राहिले.