फळ्याविना सहमूळ संख्या

लग्न होऊन मी टेंभुर्णीला आले तेव्हा जालना जिल्हा नवाच झालेला होता. गावातल्या शाळेच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहायचं काम चालू होतं. हे त्याच शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. पुढच्या वर्षी मलाही तिथंच खालच्या वर्गांचं गणित मिळालं. घरात सासू-सासरे नव्हते, दोघंच होतो. त्यामुळे जेवताना आमचं बोलणं बहुतेक शाळेचंच असायचं.

यांच्या डोळ्यांचं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते दिवेलागणीला. अंगणातल्या बाजेला धडकून हे पडले. बाज रोज तिथंच असायची. "कुणी सरकवली?" म्हणून माझ्यावर चिडले. मग वारंवार असं व्हायला लागलं. समोर धरलेलं पुस्तक वाचता यायचं, पण बाजूला ठेवलेला चहाचा कप दिसायचा नाही. औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मला बाहेर न थांबवता समोरच सांगितलं, की डोळ्यामागचा पडदा कडेकडेनं झिजत चाललाय, यावर औषध नाही, आणि किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले होते. बदनापूरच्या पुढं गेल्यावर म्हणाले, "शाळेत काही बोलू नको."

मी बोलले नाही. पण फळ्यानं सांगितलं. एके दिवशी यांनी आधीचं उदाहरण न पुसता त्याच्यावरच दुसरं उदाहरण लिहिलं. अक्षरांवर अक्षरं, आकड्यांवर आकडे. वर्गातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं हे नंतर म्हणाले. सगळा वर्ग चिडीचूप बसला, आणि त्या शांततेवरूनच यांना कळलं की आपलं काहीतरी चुकलंय.

आमचे मुख्याध्यापक मूळचे जालन्याच्या मस्तगडातले. शनिवारी दुपारी घरी जायचे, सोमवारी सकाळी परत यायचे. त्या शनिवारी ते गेले नाहीत. आमच्या घरी आले, खुर्चीत बसले, आणि चहा संपेपर्यंत कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, "सर, पोरं सांगून राह्यलेत. मला तुमची नोकरी घालवायची न्हाई. फळ्याविना शिकवता येईल का?"

"गणित? फळ्याविना?" हे म्हणाले.

"तुम्ही बघा. बाईंची मदत घ्या. पेपर त्या तपासतील. बाकी मी बघतो."

ते गेल्यावर मी कप उचलायला गेले तर हे म्हणाले, "म्हंजे मला आता गोष्टी सांगायच्या."

पुढचे काही दिवस वर्ग कसाबसा चालला. तोंडी पाढे, तोंडी हिशेब. पोरं कंटाळायची, हेही. मग सहमूळ संख्यांचा धडा आला. धडा अर्ध्या पानाचा. ज्या दोन संख्यांना एकाशिवाय दुसरा कोणताच सामाईक विभाजक नाही त्या सहमूळ, एवढी व्याख्या आणि खाली उदाहरणं. आठ आणि नऊ सहमूळ, आठ आणि दहा नाहीत, कारण दोघांनाही दोननं भाग जातो. तोंडी शिकवण्यासारखा हा धडा होता, पण एका तासिकेत संपला असता. यांना तो संपवायचा नव्हता.

यांनी बारा मुलं-मुली मैदानात गोल बसवली. प्रत्येकाला एक ते बारा असा आकडा दिला. कापडाचा चेंडू बारा नंबरच्या हातात दिला आणि सांगितलं, "पाच घरं पुढं फेकायचा. ज्याच्याकडं येईल त्यानं आपला आकडा मोठ्यानं सांगायचा."

माझा तास रिकामा होता म्हणून मी कडुलिंबाखाली उभी राहून पाहत होते. पाच. दहा. तीन. आठ. एक. सहा. चेंडू फिरत राहिला आणि सगळ्यांच्या हातून जाऊन पुन्हा बारा नंबरकडे आला. मग चार-चार घरांनी फेकायला सांगितलं. चार, आठ, बारा, चार, आठ, बारा. तिघंच खेळत राहिले आणि बाकीचे ओरडायला लागले, "सर, आमच्याकडं येऊनच न्हाई राह्यला!"

हे मधोमध उभे होते. मान किंचित खाली, कान देऊन. त्यांना चेंडू दिसत नव्हता, मुलांचे चेहरेही धड दिसत नव्हते, पण कुणाचा आवाज कुठून आला आणि कुणाचा आलाच नाही हे बरोबर कळत होतं.

"किती घरांची उडी सगळ्यांपर्यंत पोचते ते शोधा," हे म्हणाले.

मुलांनी सगळ्या उड्या मारून पाहिल्या. एक, पाच, सात, अकरा. बाराशी सहमूळ असलेल्या तेवढ्याच. मंगळवारच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईची मुलगी त्या वर्गात होती. ती म्हणाली, "सर, सात काही वेगळं न्हाई. उलट्या बाजूनं मोजलं तं पाचच व्हते."

"पुन्हा सांग," हे म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं. सात पुढं म्हणजे पाच मागं. अकरा पुढं म्हणजे एक मागं. "म्हणून त्या जोडीनं येतात," हे म्हणाले, आणि फळा सुटल्यापासून पहिल्यांदा यांचा आवाज मला पूर्वीसारखा वाटला.

त्या खेळानं पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरातलं बोलणं भरून टाकलं. कोणत्याही आकड्याच्या आतल्या किती संख्या त्याच्याशी सहमूळ, हे मोजायचं. मी लिहायचे, हे डोक्यात धरायचे. सातासारख्या मूळ संख्येचं सोपं होतं. सात स्वतः सोडून सगळ्याच, म्हणजे सहा. तीनच्या दोन, पाचच्या चार. पंधराच्या आठ निघाल्या. एकदा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून हे म्हणाले, "अगं, बे चोक आठ. तीनच्या दोन, पाचच्या चार, नि पंधराच्या आठ."

आम्ही आणखी आकडे करून पाहिले. कधी जमायचं, कधी नाही. बारा म्हणजे तीन चोक घेतलं तर बरोबर यायचं, पण बे सक घेतलं की बिघडायचं. शेवटी हे म्हणाले, की ज्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा ते आपसात सहमूळ पाहिजेत, तेव्हाच जमतं. ते खरं निघालं. पण का जमतं, ते काही सापडेना. पुस्तकात असेलच कुठंतरी, मी जालन्याच्या कॉलेजातून आणते, असं मी म्हटलं. यांनी नको म्हटलं. "एवढं तरी माझं मला करू दे."

तोवर नजर पेनाच्या टोपणाएवढी उरली होती. मग तीही धुरकट झाली.

कारण मला सापडलं. शाळेत रिकाम्या तासाला मी एकटीच बसून पंधरा आकडे चौकटींत मांडत होते, आणि एकदम ते समोर आलं. घरी येईपर्यंत मी आनंदात होते. दारात यांना पाहिलं तेव्हा कळलं, की हे सांगणं अवघड आहे. सगळं कागदावर होतं, आणि यांना कागद उरला नव्हता.

मी जमिनीवर खराट्याच्या काड्या मांडून घरं केली. तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच घरं. चिंचोके घेतले. यांना खाली बसवलं आणि यांचा हात हातात घेतला.

"एक-एक चिंचोका टाकत जायचा. पहिला वरच्या ओळीत पहिल्या घरात. मग दर वेळी एक घर उजवीकडं नि एक खाली. कड आली की पुन्हा सुरुवातीपासून."

यांची बोटं काड्या चाचपत पुढं जात राहिली. एक, दोन, तीन. खालची कड आली, पुन्हा वर. चार, पाच. एकही चिंचोका भरलेल्या घरात पडला नाही. पंधरा संपले तेव्हा पंधराही घरं भरलेली होती.

"चार नि सहाला?" यांनी विचारलं.

आम्ही काड्या बदलून चार ओळी, सहा घरं केली. अर्धी घरं रिकामी असतानाच चिंचोका पहिल्याच घरात परत आला. यांनी मान हलवली. मी पुन्हा तीन ओळी, पाच घरं केली आणि पंधरा चिंचोके भरले.

"आता बघा. तिसऱ्या ओळीत जे पडले त्यांना तीननं भाग जातो. ती ओळ काढायची." मी यांच्या हातानंच ती पुसली. "पाचव्या उभ्या रांगेत जे पडले त्यांना पाचनं भाग जातो. तीही काढायची. काय राहिलं?"

यांनी तळहात जमिनीवर फिरवला. "दोन ओळी. चार-चार."

"बे चोक आठ."

हात तिथंच थांबला. मला वाटलं होतं हे खूश होतील. पण यांनी हात काढून घेतला, धूळ झटकली आणि म्हणाले, "तुला सापडलं."

मी चिंचोके गोळा केले. त्या संध्याकाळी हे जेवले, पण शाळेचं बोलले नाहीत. मला स्वतःचाच राग आला, आणि यांचाही. पुस्तक नको म्हणणारा माणूस बायकोकडूनही नको म्हणतोय, असं वाटलं. सकाळी मी चहा ठेवत होते तर ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "पुन्हा एकदा दाखव," म्हणाले. "नीट. वर्गाला सांगायचंय."

वर्गात यांनी ते मुलांनाच घरांत उभं करून शिकवलं. संपल्यावर म्हणाले, "हे मी न्हाई काढलं. बाईंनी काढलं." मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

पुढं काही वर्षांनी यांनी आपणहून अर्ज देऊन नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. पेपर मी तपासत होते, हजेरी मी घेत होते. "आता काम तुझं नि नाव माझं," असं म्हणाले, आणि अर्जावर मी बोट ठेवलं तिथं सही केली. मुख्याध्यापक निरोपसमारंभात बोलायला उठले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले.

नंतर दिवसभर हे घरात एकटे असायचे. मी शाळेतून आले की म्हणायचे, "लिही." एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तर म्हणाले, "एकशे पाचचं काढलं. तीन, पाच, सात. तुझी पंधरा घरं आहेत ना, तसे सात थर एकावर एक रचायचे. तिकडून एक ओळ काढ, इकडून एक रांग, नि वरचा थर. बे चोक आठ, आठ सक अठ्ठेचाळीस."

जमिनीवर हे मांडता आलं नसतं. मी वही घेतली, एक ते एकशे पाच लिहिले आणि एकेक खोडत मोजले. हे भिंतीला टेकून थांबले होते.

"बराबर आहे," मी म्हणाले. "अठ्ठेचाळीस."

यांनी थोड्या वेळानं विचारलं, "लाईट कधी गेली?"

बल्ब यांच्या डोक्यावरच होता, चालू. मी त्याच उजेडात मोजत होते.

"गेली नाही," मी म्हणाले. "आहे."

"बरं," हे म्हणाले. नंतर म्हणाले, "दोनशे दहाच्याही तेवढ्याच निघतील. बघ करून."

मी पान उलटलं आणि पुन्हा एकपासून लिहायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी घरात दिवा लावला की तसं सांगू लागले, "दिवा लावलाय." हे म्हणायचे, "हं."