नैऋत्येची खोली

आमचं नवं घर अनसिंगच्या बाहेर, भाजीच्या वावराला लागूनच बांधलं. पाया खोदला तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय होता, आमची झोपायची खोली. लग्न झाल्यापासून आम्ही नवरा-बायको पत्र्याच्या खोलीत फवारणीच्या पंपाशेजारी झोपत आलो, त्यामुळे 'मास्टर बेडरूम' हे शब्द मोबाइलवर पहिल्यांदा ऐकले तेव्हाच मला गोड लागले. दुपारची जेवणं आटोपली की मी व्हिडिओ बघत बसायची. बेडमागची एकच भिंत गडद का रंगवतात, दोन माणसांना सहा उशा कशाला लागतात, पायथ्याशी ती पट्टीसारखी चादर नेमकं कोण पांघरतं, हे मला खरोखर समजून घ्यायचं होतं. नवऱ्याला विचारलं, तर झोप लागल्यावर भिंत कोणाला दिसते, असं तो म्हणाला. ह्या माणसाला काही विचारण्यात अर्थ नाही.

मिस्त्रीने नकाशा समजावून सांगितला. मोठी खोली नैऋत्येला, तिथे घरचा कर्ता झोपतो. पाहुण्यांची खोली वायव्येला, म्हणजे पाहुणा फार टिकत नाही, आपला आपण निघतो. मला ही युक्ती भारीच आवडली. तोंडाने 'जा' म्हणायला नको, काम दिशेवर सोपवायचं. मी हसले आणि बघते तर सासूबाईंचा चेहरा उतरलेला.

त्यांच्या मनात पाहुणी एकच होती, त्यांची लेक. माझी ही मोठी नणंद आसेगावला दिलेली, गाडीवर तासाभराचा रस्ता. लांब दिलेल्या मुली माहेरी चार-आठ दिवस राहून जातात. जवळ दिलेलीला मात्र कोणी राहा म्हणत नाही. ती सकाळी यायची आणि संध्याकाळी म्हशींच्या धारेला परत जायची. पहिली दिवाळी सोडली तर ती माहेरी मुक्कामी अशी राहिलीच नव्हती. झोपायला जागा कुठे आहे, असं ती म्हणायची, आणि जुन्या घरात ते खरंही होतं. आता खोली झाली की लेक एक रात्र तरी राहील, एवढीच सासूबाईंची आस होती.

"माह्या पोरीले काहून हाकलून राह्यले?" त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "तिले नैऋत्येची द्या."

झालं. जी कधी राहतच नाही तिला मोठी खोली, आणि आम्हाला वायव्येची. मला इतका राग आला की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

पण सजवायची कशी हे घरात मलाच ठाऊक होतं, आणि एकदा हात घातल्यावर राग कुठे गेला कळलंच नाही. सासूबाईंना भिंत वांग्याच्या फुलाच्या रंगाची हवी होती. दुकानदाराच्या कार्डावर तो रंग सापडेना, तर त्या वावरातून फूलच तोडून घेऊन आल्या. गोल आरसा लागला, दोन दिवे लागले, पायथ्याची ती पट्टीसुद्धा मी घातली. गादीवरचं प्लास्टिक मात्र सासूबाईंनी काढू दिलं नाही, धूळ बसते म्हणून. खोलीला कुलूप लागलं. आमच्या खोलीला दोन्हीकडून वारा, म्हणून आमच्या पलंगाखाली उन्हाळी कांदा पसरला. कांदा कुठे ठेवावा ह्याचा व्हिडिओ मला कुठेच मिळाला नव्हता.

यंदा धोंड्याचा महिना आला. लेक-जावयाला जेवायला बोलावलं, अनारसे झाले, वाण दिलं. जावई खूश होऊन पंख्याखाली आडवे झाले. नणंद मात्र नैऋत्येच्या खोलीत बेडच्या कडेवर टेकली, प्लास्टिक करकरलं, तशी उठून तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. खोली आवडली का, विचारलं तर लॉजसारखी छान झाली म्हणाली. थोड्या वेळाने ती कुठे दिसेना. शोधलं तर माझ्या खोलीत खाली बसून पलंगाखालचे कांदे ओढून नासके वेगळे काढत होती. परत डोकावले तेव्हा तिथेच फरशीवर झोपलेली होती, पदरात कांद्याची टरफलं.

संध्याकाळी ती गेली. सासूबाई फाटकापाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "काय कमी पडलं वं त्या खोलीत?"

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. कितीतरी दिवस हा प्रश्न मी भाजी तोडताना, पाणी देताना घोळवला. एवढ्या सजवलेल्या खोलीत डोळा लागत नाही आणि फरशीवर लागतो, असं का? मग लक्षात आलं, त्या खोलीत तिच्या हातांना कामच नव्हतं. पाहुणी म्हणून बसायचं, एवढंच. मी सासूबाईंना म्हटलं, कांदे तिकडे हलवू. नव्या बेडखाली कांदे म्हटल्यावर त्या आधी माझ्यावर चिडल्या. मग स्वतःच किल्ली घेऊन आल्या. प्लास्टिक आम्ही दोघींनी मिळून फाडलं.

पुढे नणंद लोणच्याच्या कैऱ्या न्यायला एकटीच बसने आली. खोलीत कांदे बघून तिने आम्हाला आधी बोल लावले, मग पदर खोचून खाली बसली. चहाच्या वेळेपर्यंत चांगले एका बाजूला, नासके एका बाजूला असे दोन ढीग झाले. थोडेच राहिले होते. ती तोंड धुवायला मागे गेली.

मी चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. सासूबाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी नासके कांदे पुन्हा चांगल्यांत ढकलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा उंबऱ्यावरच ठेवला.

नणंद तोंड पुसत आत आली. तिने आधी ढिगाकडे पाहिलं, मग आईच्या हातांना चिकटलेल्या टरफलांकडे. मग ती पुन्हा खाली बसली, माझा फोन मागितला आणि घरी लावला.

"आज नाही येणं होत," ती नवऱ्याला म्हणाली. "धार तुमीच काढा. माय एकटी कवा निवडन इतके कांदे?"